भरायचा राहिलेला डबा

मी एक कडीचा डबा बोलतोय. स्टीलचा, दोन किलोचा. नुसता डबा म्हणू नका हं, माझ्या पोटावर नाव आहे. १९७८ साली पुण्यात, रविवार पेठेतल्या दुकानदाराने टर्रर्र करत ते कोरलं, तेव्हा मला काय गुदगुल्या झाल्या होत्या! ‘चि. सुलक्षणा हीस आईकडून.’ मग सुलक्षणाचं लग्न झालं आणि डॉक्टर नवऱ्याबरोबर ती, तिच्या सामानात मी, असे आम्ही इंग्लंडला आलो.

आमचं गाव दक्षिणेला, ससेक्समध्ये. वर पडका किल्ला, खाली उतरणारी हाय स्ट्रीट आणि दोन्ही बाजूंना एकेका माणसाने चालवलेली जुनी दुकानं. सुलक्षणा दर शनिवारी त्यांच्या काचांतून डोकावायची, पण आत जायची नाही. “उगाच कशाला? काय मागू तिथे?” म्हणायची. घरी येऊन मात्र सगळं वर्णन करायची आणि फळीवर बसून माझा जीव वरखाली व्हायचा. मला बघायचं होतं ना ते सगळं.

१९८६च्या दिवाळीत सोऱ्याची चकलीची चकती कचऱ्यात गेली. लंडनला एजवेअरच्या भारतीय दुकानात फोन केला, तर चकत्या संपलेल्या. शेवटी सात वर्षांच्या मीनलने आईला ओढत मिस्टर पेलिंगच्या खिळे-कुलपांच्या दुकानात नेलं. म्हाताऱ्याने सोऱ्या उलटसुलट करून दहा प्रश्न विचारले आणि पितळेच्या पत्र्यात छान चांदणी कापून दिली.

मग चकल्या भरून माझी स्वारी तिकडे निघाली. मला काउंटरवर ठेवताना मीनल त्यांना म्हणाली, “आमच्यात डबा रिकामा परत द्यायचा नसतो.” सुलक्षणाने तिला हळूच चिमटा काढला.

चकल्या दोन दिवसांत फस्त. आता घरी जायचं, असं मी धरून चाललो होतो. पण पेलिंगसाहेब माझ्यात डोकावून पुटपुटायचे, “ह्यात घालू काय? खिळे?” मग जेवणाच्या सुट्टीत मला काखेत मारून ते शेजारच्या दुकानांत जाऊ लागले. लोकरवालीने शिंपल्याचं बटण दिलं. घड्याळजीने इवलीशी किल्ली दिली. मासेमारीचं सामान विकणाऱ्याने गळाला लावायची पिसांची खोटी माशी दिली, ती मला अजून खरी वाटते. असं महिन्याकाठी एखादं काहीतरी माझ्यात पडायचं, आणि उरलेला वेळ मी कुलपांमध्ये, काचेशी बसायचो. खोटं कशाला बोलू, मी मजेत होतो.

सुलक्षणा मला बघायची आणि पुढे जायची. दिलेला डबा मागणं बरं दिसत नाही ना. १९८८च्या एका शनिवारी मात्र ती काचेबाहेर उभीच राहिली. ओठ हलवत माझ्यावरचं नाव वाचत होती. पुण्याला तिची आई वारली होती, हे मला फार उशिरा कळलं. ती निघून गेली तेव्हा मला पहिल्यांदा त्या दुकानाचा राग आला.

१९९१मध्ये बायपासवर मोठं स्टोअर झालं आणि पेलिंगसाहेबांनी दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी सुलक्षणा एकटी आत आली.

“तो डबा,” ती म्हणाली, “माझ्या आईचा आहे.”

“हो, पण अजून भरला नाही,” ते ओशाळून म्हणाले. “चार बोटं बाकी आहेत. रिकामा द्यायचा नसतो ना?”

“अहो, चिमूटभर साखर घातली असतीत तरी चाललं असतं.”

म्हाताऱ्याने मला काचेतून उचलून तिच्यापुढे ठेवलं. सुलक्षणाने झाकण काढलं, आत पाहिलं आणि डोळे पुसत हसायला लागली. एकेक वस्तू उचलून विचारू लागली, “हे कुठल्या दुकानातलं?” त्या दुपारी पेलिंगसाहेबांबरोबर ती पहिल्यांदा उरलेल्या सगळ्या दुकानांत आत गेली. मी तिच्या कुशीत होतो. तीन दुकानांना तोवर टाळं लागलं होतं. त्यांच्या वस्तू तेवढ्या माझ्यात होत्या.

आज १९९८ साली मी नॉटिंगहॅमला, शिकायला गेलेल्या मीनलच्या टेबलावर आहे. पेलिंगसाहेब आता नाहीत. माझ्यातलं बटण, किल्ली, माशी सगळं जागच्या जागी आहे, चार बोटंही तशीच रिकामी आहेत.

एक सांगू? तुमच्याकडे कुणाचा डबा राहिला असेल, तर तो भरायची वाट बघू नका. चिमूटभर साखर घाला आणि आजच पोचता करा. बाहेर कुणीतरी नाव वाचत उभं असेल.