मापसाहेबांचे दोनशे चार

मापसाहेब वजनमाप खात्यात निरीक्षक होते. एखाद्या दुकानदाराच्या काट्यात पाच ग्रॅमचा फरक सापडला, की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं. मर्यादा म्हणजे मर्यादा, एवढा एकच धर्म त्यांनी जन्मभर पाळला. त्यामुळे ऑफिसने नवराबायकोंची रक्ततपासणी करवली आणि त्यांचं कोलेस्टेरॉल दोनशेच्या जागी दोनशे चार आलं, तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले.

"अगं, ऐकलंस का? पुढे तारा छापलाय! आणि एक नाही, तीन!"

बायको शिवणयंत्रावरून उठून आली आणि दाराच्या चौकटीला टेकली. लोकांचे कपडे लहानमोठे करून देण्याचं काम ती घरूनच करायची. अलीकडे मात्र कशाला तरी टेकल्याशिवाय तिला उभं राहवत नव्हतं.

"तारा म्हणजे काय हो?"

"म्हणजे मी चाललो! साखर एकशे दोन, हवी शंभरच्या आत. यूरिक ॲसिड सात पूर्णांक तीन, हवं सातपर्यंत. सगळीकडून घेरलंय मला."

"आणि माझा रिपोर्ट कसा आहे?"

मापसाहेबांनी तिच्या कागदावरून नजर फिरवली. "हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक. हवं बारा. पण बायकांचं कमीच असतं, आईचंही होतं, ऐंशी वर्षं जगली ती. तांबड्या पेशी आकाराने लहान आहेत. बरंच की, शिरांत अडकायच्या नाहीत. शरीरातलं लोह अगदीच कमी. लोखंड हवंय कशाला अंगात? गंजायला?" स्वतःच्या विनोदावर ते खदखदून हसले. मग तिचा कागद कपाटाच्या खणात गेला आणि त्यांचा फ्रीजच्या दारावर लागला.

त्या दिवसापासून घराचं इस्पितळ झालं. तेल चमच्याने मोजून, मीठ चिमटीने. त्यांचं उकडलेलं वेगळं, तिचं उरलंसुरलं वेगळं. साहेब घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटं चालून येत, तोवर ती बाजारातून त्यांच्या भाज्या घेऊन तीन जिने चढत असे. प्रत्येक वळणावर पिशव्या खाली ठेवायची, भिंतीला हात लावायची आणि छातीतली धडधड थांबायची वाट बघायची. घरी आली की फ्रीजमधला बर्फाचा ट्रे काढून एकेक खडा चावत बसायची.

"लहान मुलासारखी काय बर्फ चावतेस?" साहेब ओरडायचे. "त्या कडकडाटाने माझा रक्तदाब वाढतो."

साहेबांची बहीण रोज फोन करायची. "वहिनी, दादाकडे लक्ष दे गं. त्याचा चेहरा किती उतरलाय."

"हो वन्सं," वहिनी भिंतीला टेकून म्हणायची. तिच्या चेहऱ्याला चढउतार उरलाच नव्हता. तो पांढराफटक पडला होता.

पंधरा दिवसांनी साहेबांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त दिलं. एकशे सत्त्याण्णव. तिसरीत दिलं. दोनशे सहा. साहेबांनी तिथल्या तंत्रज्ञाला कोपऱ्यात गाठलं. "यंत्राची पडताळणी कधी झाली? शिक्का दाखवा."

"काका, तेच रक्त दोनदा तपासलं तरी आकडा थोडा हलतो. माणूस म्हणजे काय लोखंडी वजन आहे?"

साहेबांना हा खात्याचा अपमान वाटला. ते फाईल घेऊन थेट डॉक्टरांकडे निघाले. बायकोला बरोबर घेतलं, कारण वाटेत त्यांनाच काही झालं तर?

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. आत पस्तिशीची, चणीने लहान अशी एक बाई बसली होती.

"मोठे डॉक्टर कुठे आहेत?"

"मीच. उंचीवर जाऊ नका. बसा."

डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली आणि मिटली. "ठीक आहे सगळं."

"ठीक? तीन तारे आहेत!"

"साहेब, बऱ्याच चाचण्यांची मर्यादा कशी ठरते सांगू? शेकडो निरोगी माणसं तपासतात. शंभरातल्या मधल्या पंच्याण्णवांचे आकडे जिथून जिथवर पसरलेले, ती मर्यादा. उरलेली पाचही निरोगीच असतात. तुम्ही चाचण्या केल्यात साठ. दोनतीन तारे उगवणारच. साखर आणि कोलेस्टेरॉलची रेषा धोका बघून आखलेली असते, पण तीही काही कड्याची कड नाही, की चार पावलं पुढे गेलात नि कोसळलात. चालताय ते चालू ठेवा, पोट थोडं कमी करा. वर्षाने पाहू."

साहेबांचा चेहरा पडला. इतका मोठा आजार हातचा जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पण बाईंचं लक्ष आता त्यांच्याकडे नव्हतंच. "ताई, तुम्हाला धाप कशाने लागली?"

"जिना चढले ना एक," बायको म्हणाली.

बाईंनी उठून तिची खालची पापणी ओढून पाहिली. "बर्फ खावासा वाटतो?"

चोरी पकडली गेल्यासारखी ती ओशाळली. "तुम्हाला कसं कळलं?"

"लोह कमी झालं की काहींना वाटतो. रक्त तपासलंय?"

"तिचं नॉर्मल आहे," साहेब मध्येच म्हणाले. "मी स्वतः वाचलंय."

"अच्छा. हिमोग्लोबिन किती होतं?"

साहेब आकडा कधी विसरत नसत. "सात पूर्णांक एक."

"हवं किती?"

"बारा."

"एखाद्या दुकानदाराने बारा किलोच्या जागी सात किलो माल दिला, तर तुम्ही काय करता?"

साहेब फाईलच्या दोरीशी चाळा करत बसले. बायको आधी तोंडावर पदर घेऊन आणि मग पदर सोडून हसली. हसता हसता तिला धाप लागली, तरी हसायची थांबेना.

बाईंनी साहेबांना बाहेर बसवलं. आतलं बोलणं पातळ दारातून ऐकू येत होतं. वर्षभर पाळीत फार रक्त जात होतं. "ह्यांना सांगितलं होतं," बायकोचा आवाज आला. "म्हणाले, कागदावर तसं काही लिहिलेलं नाही."

गर्भाशयात गाठ निघाली. साधीच होती, पण काढावी लागली. आधी शिरेतून लोह दिलं. इस्पितळाच्या बाकावर साहेबांनी तिचा कागद पहिल्यांदा ओळीने वाचला. तिच्या कागदावर नऊ तारे होते. त्यांनी ते दोनदा मोजले. शेजारच्या माणसाने विचारलं, "काही गंभीर?" साहेबांनी मान हलवली, पण होकाराने की नकाराने, ते त्यांनाच कळलं नाही.

तीन महिन्यांनी ती एकटीच जाऊन रक्त देऊन आली, आणि कागद डॉक्टरीणबाईंना दाखवूनच घरी परतली.

"किती आलं?" साहेबांनी ओट्यापाशी कांदा चिरता चिरता विचारलं. आता ज्याचं पथ्य त्याने शिजवायचं, असा नियम तिने घातला होता.

"अकरा पूर्णांक नऊ."

"मर्यादा बारा आहे. म्हणजे अजून एक दशांश..."

तिने नुसतं वळून पाहिलं. साहेबांनी वाक्य तिथेच गिळलं आणि कांद्यावर सुरी चालवायला लागले.

"बघू कागद?" जरा वेळाने त्यांनी हळूच विचारलं.

"नको. ज्यांना कळतं त्यांनी बघितलाय."

तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि तीन जिने भरभर उतरून गेली.