येऊन राहिलो

समीक्षक लोकांचं एक बरं असतं. त्यांना पिक्चर कळला नाही तर दोष पिक्चरचा, अन् आपल्यासारख्याला कळला नाही तर दोष आपला. गोंदियाच्या विज्ञानकथा मंडळाला हे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात कळलं, आणि चांगलंच कळलं.

मंडळ म्हणजे काय, तीन टाळकी. रत्नपाल गजभिये कामठ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. तिलक रहांगडालेचं बाजारात टीव्हीचं दुकान होतं, घरी धानाची शेती होती, आणि बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण सगळंच मोठ्यानं. मोनाली मेश्राम बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायची. पिक्चरमध्ये रॉकेट चुकीच्या दिशेनं वळलं तर तिला त्या दिवशी जेवण जात नसे. चौथा होता राजदीप उके, पण तो पुण्याला जाऊन टीव्हीसाठी लिहायला लागला होता. दर रविवारी तिलकच्या दुकानात बैठक व्हायची तेव्हा राजदीपची खुर्ची रिकामी ठेवलेली असायची. तिलक त्या खुर्चीवर गिऱ्हाइकालाही टेकू देत नसे.

आणि त्या राजदीपचाच पिक्चर आता मराठी वाहिनीवर आला होता. 'परतलहर' त्याचं नाव. आपल्या जिल्ह्यातला पोट्टा, त्यानं लिहिलेली विज्ञानकथा, आणि ती टीव्हीवर! तिलकनं दुकानातले होते नव्हते तेवढे सगळे टीव्ही रस्त्याकडे तोंड करून लावले होते.

गोष्ट साधी होती. नवेगाव बांधचा एक पोरगा अवकाशवीर होतो, फार लांब जातो, आणि तिकडंच यान बिघडतं. इकडं तळ्याकाठी त्याची माय म्हातारी होते. आणि एका दिवशी त्याचा निरोप येतो. निरोपाला पोचायलाच कित्येक वर्षं लागलेली, त्यामुळे बोलणारा आता जिवंत आहे की नाही हे जगात कोणालाच माहीत नाही. यंत्रातून आवाज येतो, "माय, मी येऊन राहिलो." म्हातारी उठते, दारात जाऊन उभी राहते, आणि पिक्चर संपतो.

ही शेवटची ओळ रत्नपालची. तिचा जन्म दरेकशाच्या स्टेशनावर झाला होता. राजदीपचं घर दरेकशाला. कॉलेजात असताना दोघं तिथं पॅसेंजरची वाट पाहत बसले होते आणि गाडी काही येईना. स्टेशनावरच्या चैतरामला विचारलं, गाडी कुठं आहे जी? चैतराम म्हणाला, "येऊन राहिली." घटकाभरानं विचारलं, तरी येऊन राहिली. ऊन कललं, तरी येऊनच राहिली. राजदीप कावला होता, पण रत्नपाल एकदम म्हणाला, "पाह्य गा, हा मानूस खोटं नाही बोलून राहिला. गाडी खरंच येऊन राहिली. येत नाही तोवर ते येऊनच राहते. असा एक जन अंतराळात पाहिजे." तिथल्या तिथं दोघांनी सगळी गोष्ट रचली. गाडी आली तेव्हा दोघांचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं, धावत जाऊन डबा पकडावा लागला.

पिक्चरच्या पाट्यांमध्ये रत्नपालचं नाव नव्हतं. नव्हतं तर नव्हतं. राजदीपनं फोनवर सांगितलं होतं, "तुझी ओळ ठेवली गा," आणि रत्नपालला तेवढं पुरलं होतं. राजदीप कॉलेजची सगळी वर्षं त्याच्याच घरी राहिलेला. त्याची आई लहानपणीच गेली, म्हणून तो रत्नपालच्या आईलाच माय म्हणायचा. पुण्याला गेल्यावरही फोन यायचे. रत्नपाल विचारायचा, कधी येतं? तो म्हणायचा, "येऊन राहिलो ना!" मग रत्नपाल घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणायचा, "येजो." दोघांचं हे ठरलेलं होतं. यायला काही जमायचं नाही, पण येऊन राहिलो म्हणणारा माणूस वाटेवर आहे एवढं समाधान होतं.

त्या पहिल्या प्रसारणाला ललिताबाईंनी, म्हणजे रत्नपालच्या मायनं, पिक्चर घरीच पाहिला. यान बिघडलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. शेवटच्या ओळीला त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "येऊन राह्यला म्हणते ना," त्या पडद्यावरच्या म्हातारीकडे पाहून म्हणाल्या, "मंग येईन. बुडीनं आत जाऊन जेवून घ्यावं."

परीक्षणं आली ती त्याच आठवड्यात. पुण्या-मुंबईचे पेपर गोंदियाला पोचेपर्यंत शिळे होतात, म्हणून तिघं सायबर कॅफेत गेले. तिथं निम्मी अक्षरं चौकोन चौकोन दिसत होती. कॅफेवाल्यानं काहीतरी खटपट करून ती मराठीत आणली. चौकोनच बरे होते म्हणायची वेळ आली.

पहिल्यानं लिहिलं होतं, 'नायक म्हणतो मी येऊन राहिलो. येऊन राहिला असेल तर मग आई दारात कोणाची वाट पाहते? लेखकाला साध्या भूतकाळाचंही भान नाही.' दुसऱ्याला पिक्चर आवडला होता, आणि त्यानं तर कहरच केला. 'पोरगा अखेर आईजवळ येऊन राहिला, असा सुखान्त आजकाल दुर्मीळ,' असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या बाईंनी लिहिलं होतं की अवकाशवीर तमाशातल्या सोंगाड्यासारखा बोलू लागतो तेव्हा आमच्या घरी हशा पिकला.

"बाप्पा!" मोनाली म्हणाली. "याइले वाटलं तो येऊन राह्यला, म्हणजे मुक्कामाला राह्यला!"

"अरे, इनको कोई दरेकसा भेजो!" तिलक ओरडला. शेजारच्या संगणकावरची पोरं वळून पाहू लागली. "भेजो, और स्टेशन पे बिठाओ! गाडी येऊन राहिली म्हटल्यावर हे लोक चढायलेच जातील, अन् पटरीवर पडतील! गधे को क्या मालूम गुड़ का स्वाद!"

"रॉकेटची दिशा बरोबर होती," मोनाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "निरोपाले लागनारा टाइम बरोबर होता. सगळं बरोबर होतं, सर. पहिल्यांदा कोनी सगळं बरोबर केलं, अन् हे लोक व्याकरन तपासून राहिले."

रत्नपालला राग यायला पाहिजे होता. तो वाट पाहत बसला, पण राग आला नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याला झालं होतं. त्यानं तिन्ही परीक्षणं पुन्हा वाचली. त्याला फक्त एक जाणून घ्यायचं होतं, की यावर राजदीप काय म्हणतो. लोकांना कळलं नाही तर नाही, त्यांचा नाइलाज आहे. पण राजदीपला तर माहीत आहे. तो तिथंच आहे, त्यांच्यातच उठतो-बसतो, तो सांगेल. एवढंच त्याला पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

मंडळानं संपादकाला उत्तर लिहायचं ठरवलं. मोनालीनं मजकूर केला, आणि पोरीनं काय झकास केला! 'आमच्याकडे येऊन राहिलो याचा अर्थ येत आहे. अजून पोचला नाही, पण निघालेला आहे. आपल्या समीक्षकांनी ज्याला पोचवून जेवायला बसवलं, तो बिचारा अजून वाटेवर आहे.' तिलकनं त्यात शिव्या घालायचा आग्रह धरला. मोनालीनं त्यातली एक ठेवली, तीही सभ्य करून.

"धाडाच्या आधी राजदीपले विचारून घेऊ," रत्नपाल म्हणाला. "त्याचं पोट आहे तठी."

दुकानाच्या मागच्या खोलीतून त्यानं फोन लावला. तिकडून राजदीपचा आवाज आला, पण कानाला तो जरा वेगळा लागला.

"अरे रत्ना, बोल ना. हो, वाचलं सगळं. नका रे पाठवू पत्रबित्र. प्लीज. उगाच विषय वाढेल."

"तू सांगतलं का त्याइले, त्याचा अर्थ काय होते ते?"

"सांगितलं. म्हणजे, सांगायला गेलो." राजदीप थांबला. "चॅनेलची मीटिंग होती. एकानं ती ओळ म्हणून दाखवली, नाकातून. सगळे हसले."

"अन् तू?"

"मीही हसलो. काय करणार, रत्ना?"

भिंतीवर एका जुन्या टीव्हीचा सांगाडा टांगला होता, तिकडे रत्नपाल पाहत राहिला.

"आणि ऐक ना," राजदीप घाईनं म्हणाला, "रविवारी दुपारी परत दाखवतायत. शेवट फक्त नव्यानं डब केलाय. एकच ओळ रे. म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, सगळ्यांना कळेल. आपल्या गोष्टीचंच भलं आहे त्यात."

"बरं," रत्नपाल म्हणाला.

"चिडला नाहीस ना?"

"नाही," रत्नपाल म्हणाला, आणि ते खरं होतं. चिडायला आत कोणी जागं तर पाहिजे!

बाहेर येऊन त्यानं सांगितलं की पत्र नको म्हणते. कारणही सांगितलं. मोनालीनं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली. तिलकचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बसला. "भाई, ये तो अपना आदमी था," एवढंच तो म्हणाला आणि शटरजवळ जाऊन उभा राहिला.

आता खरं म्हणजे रविवारी कोणी यायला नको होतं. पण पाय ओढतात. शिवाय ललिताबाईंना कोणीतरी सांगितलं होतं की राजदीपचा पिक्चर पुन्हा लागणार, दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर. त्या धुवट पातळ नेसून हजर. "काऊन सांगतलं नाही मले?" त्या रत्नपालला म्हणाल्या. "माह्या लेकाचा पिक्चर, अन् मलेच पत्ता नाही!" तिलकनं क्षणभर विचार केला आणि त्यांना राजदीपची खुर्ची दिली.

पिक्चर तोच होता. तळं तेच, यान तेच, मोनालीच्या मते बरोबर वळणारं. शेवट जवळ आला तसे तिघंही एकमेकांकडे न पाहता बसले. यंत्र खरखरलं. म्हातारीनं मान वर केली. आणि आवाज आला, स्वच्छ, धुतलेला, बातम्या देणाऱ्यासारखा, "आई, मी परत येतोय."

म्हातारी उठून दारात गेली. तिच्या बिचारीच्या चेहऱ्यावर मात्र जुनंच होतं. तिचं तोंड 'माय' ही हाक ऐकून हललेलं होतं, 'आई' ऐकून नाही.

ललिताबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "हे कोन बोललं गा?" त्यांनी विचारलं.

तिलकनं आवाज कमी केला.

"तिचा पोरगा तर नोहोय हा," त्या म्हणाल्या. "दुसराच कोनी होय. त्या दिवशी तर पोरगाच बोलला होता." मग त्यांना एकदम काहीतरी वाटलं असावं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे तिचा पोरगा मेला का? म्हणून दुसऱ्यानं निरोप देला?"

मोनाली उठून मागच्या खोलीत गेली. तिलकनं टीव्ही बंद केला, मग बाकीचेही एकेक बंद केले, न लावलेले सुद्धा. रत्नपाल मायचा हात धरून तिला घरी घेऊन आला. वाटेत त्यानं तिला सांगितलं, "मेला नाही माय. बोलनं बदलवलं फक्त." ललिताबाई म्हणाल्या, असं कसं बदलते गा बोलनं, आणि पुढं बराच वेळ पिक्चरवाल्यांना नावं ठेवत राहिल्या.

संध्याकाळी तो जेवायला बसला होता तेव्हा मोबाइल वाजला. ललिताबाई चुलीपाशी होत्या. रत्नपालनं डाव्या हातानं फोन कानाला लावला.

"पाहिलास?" राजदीपनं विचारलं.

"हो. पाहिला."

"कसा वाटला आता? खरं सांग."

"चांगला झाला आहे," रत्नपाल म्हणाला. वर्गात धडा वाचून दाखवताना बोलायचा तशी भाषा त्याच्या तोंडून आपोआप निघत होती. "आता सर्वांना समजेल."

"मला माहीत होतं तू समजून घेशील." राजदीपचा जीव भांड्यात पडलेला ऐकू आला. "बरं ऐक, पुढच्या महिन्यात नागपूरला काम आहे. तिथून घरी येतोय. नक्की येतोय. तुझ्या आईला सांग, अंबाडीची भाजी पाहिजे म्हणावं."

तुझ्या आईला. रत्नपालनं घास तोंडात नेला नाही, ताटातच ठेवला. राजदीप येतो म्हणाला की इतक्या वर्षांत रत्नपालच्या तोंडी एकच शब्द यायचा. त्यानं तो शोधला. कुठं ठेवला तेच आठवेना.

"या," तो म्हणाला. "जरूर या."

मग राजदीप हळू म्हणाला, "रत्ना... या काय रे?" थोड्या वेळानं पलीकडून फोन बंद झाला.

ललिताबाई भाताचं भांडं घेऊन आल्या. "कोन्या साहेबाचा फोन होता का बाबू?"

"हाव."

"मंग उठून बोलाचं ना. साहेबासंग कोनी जेवता जेवता बोलते का?" त्यांनी भात वाढला आणि त्यावर वरण घातलं. "मले वाटलं आपला राजदीप होय. त्याचा काही फोन नाही ना बाप्पा?"

"नाही," रत्नपाल म्हणाला, आणि भात कालवायला लागला.