सरांच्या वहीतला सतरा

मला सगळं नीट आठवतं की नाही, याची मलाच शंका आहे. आकडे माझ्या पोटात तारीखवार जपलेले आहेत, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण कोण काय बोललं, कोण आधी घाबरलं, हे छातीठोकपणे सांगायची माझी तयारी नाही. तरी बोलतो. मी दाबमापक, डोळ्यातला दाब मोजणारा. हातात मावेन एवढा. माझ्या तोंडाशी एक बारीक काडी असते; ती बुबुळाला सहा वेळा पुसटशी टेकते आणि मी आकडा दाखवतो.

कारखान्यात मला जुळवलं, तपासलं आणि मी सरांच्या घरी आलो. सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दाब अठराच्या आत हवा. रोज उठल्या उठल्या मोजा आणि वहीत लिहा. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने गुपचूप जाते. गेलेली परत येत नाही."

पहिल्याच सकाळी मी सत्तावीस दाखवला. सरांनी वही मिटली. चहा घेऊन त्यांनी पुन्हा मोजलं. चोवीस. दुपारी जेवणानंतर सतरा. वहीत सतरा गेला.

पुढे हाच नेम झाला.

"अहो, किती आला?" सरांच्या पत्नी, बाई, स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"थांब गं, यंत्र अजून तापतंय."

"तापायला ती काय इस्त्री आहे?"

सर हसायचे नाहीत. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई वही बघून म्हणाल्या, "छान! हेच थेंब चालू ठेवा."

मला मात्र रोज धडकी भरायची. पेटीचं झाकण उघडलं की वाटायचं, आज तरी माझ्याकडून लहान आकडा निघू दे. मला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं कोणी लिहून घेत नव्हतं. "हे यंत्रच बिघडलंय," असं सर एकदा पुटपुटले, तेव्हा माझाही धीर सुटला. इतका शिकलेला माणूस म्हणतोय, तर असेलही.

वर्ष सरलं. सरांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटू लागला. टेबलाच्या डाव्या कडेचा पेला दोनदा फुटला. एका सकाळी बाई त्यांच्या डाव्या हाताशीच उभ्या होत्या आणि सरांनी हाक मारली, "अगं, कुठे गेलीस?"

बाई जागच्या हलल्या नाहीत. "इथेच आहे," त्या म्हणाल्या. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

दवाखान्यात नजरेचा नकाशा काढला. डावीकडचा काळोख मध्याकडे सरकत चालला होता. डॉक्टरीणबाई वही चाळत राहिल्या. "दाब तर आटोक्यात दिसतोय. मग नजर का जातेय? यंत्र आणलंय का?"

"ते घरीच राहिलं," सर घाईने म्हणाले.

बाईंनी पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं.

मला वायर जोडली. वर्षभराच्या सगळ्या सकाळी पडद्यावर ओळीने उभ्या राहिल्या. सव्वीस, अठ्ठावीस, सत्तावीस. डॉक्टरीणबाईंनी वही पडद्याशेजारी धरली.

"नावडता आकडा गाळला म्हणून मुलांना नापास करायचात ना हो?" बाई हळूच म्हणाल्या.

"भीती वाटायची गं," सर म्हणाले. "लिहिला की खरा होईल, असं वाटायचं."

आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं. उरली होती तेवढी नजर वाचली. डावी कड गेली ती गेलीच. त्यानंतर सकाळी बाई मोजू लागल्या आणि येईल तो आकडा लिहू लागल्या. सर डोळे मिटून, खुर्चीचा हात घट्ट धरून विचारायचे, "किती?"

माझ्या जातीचा कोणी तुमच्या घरी असेल, तर हात जोडून सांगतो, त्याचा पहिला आकडा लिहा. तो आवडला नाही तर आधी लिहा.

ऑपरेशननंतर सहा वर्षांनी माझं बटण सैल झालं, म्हणून मला दुरुस्तीला नेलं. कारागिराने प्रमाण यंत्राशी ताडून पाहिलं आणि चिठ्ठी बांधली: बटण बदलले, माप अचूक, फरक शून्य.