पांढऱ्या पट्ट्यांवर जळणारा पूल

मित्रांनो, जरा मान वर करा. तुमच्या डोक्यावर रंग उडालेला, कठड्याला गंज चढलेला एक लोखंडी पादचारी पूल दिसतो ना, तो मी. माझ्याकडे कुणी बघत नाही याचे मला वाईट वाटते. पण माझ्या खाली रस्त्यावर ज्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्यांच्याकडे सगळे बघतात याचे त्याहून जास्त वाईट वाटते. वाईट कसले, मी त्यांच्यावर चक्क जळतो. आता म्हातारपणी लपवून काय करू?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वेल्डरांनी माझा एकेक सांधा जोडला आणि क्रेनने मला अलगद उचलून या खांबांवर बसवले. उद्घाटनाला फीत कापली, टाळ्या वाजल्या. "चला, आता मध्ये मध्ये थांबायला नको," असे मोटारवाले खूश होऊन म्हणाले. मी हुरळून गेलो. माझी स्तुती करणाऱ्यांपैकी एकानेही माझ्या पायरीवर पाय ठेवला नव्हता, पण तेव्हा तिकडे कुणाचेच लक्ष गेले नाही.

त्या पट्ट्या माझ्याही आधीपासून खाली होत्या. ना उंची, ना रुबाब. डबाभर रंगात झालेल्या, तोही निम्मा पुसलेला. तरी बायका जायच्या त्यांच्यावरूनच. कुणाच्या हातात भाजीच्या पिशव्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणी सासूचा हात धरलेला. पाच-सहा जणी जमल्या की त्यांतली एक हात वर करून गाड्या अडवायची आणि साऱ्या मिळून पलीकडे जायच्या. माझ्या वाट्याला यायची ती मोकळ्या हातांची तरणी मुले, तीही धावत. बघून बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या बायकांतल्या एका आजीवर माझा फार जीव होता. तिची सून नर्स होती आणि पाळणाघर उघडायच्या आधीच कामावर जायची. म्हणून आजी नातीला बाबागाडीत घालून पलीकडच्या पाळणाघरात सोडायची आणि तिथूनच शिवणकामाला जायची. रस्ता ओलांडताना दोघींच्या गप्पा अखंड चालू असायच्या. त्या गप्पा पट्ट्यांना ऐकू जायच्या, मला नाही.

एके दिवशी रस्ते खात्याचे साहेब आले. "एवढा पूल बांधून दिलाय, तरी या बायका खालूनच जातात," असे म्हणून त्यांनी रस्त्याच्या मधोमध जाळी ठोकली आणि पट्ट्या खरवडून काढल्या. मला आनंदाचे भरते आले. वाटले, आता कुठे माझे दिवस आले.

आजी आली. बाबागाडी एकेक पायरी उचलत, थांबत, धापा टाकत ती वर आली. खालच्या गाड्यांचा धूर माझ्या पोटाखाली कोंडून वर येत होता, त्याने नात खोकू लागली. मधोमध पोहोचल्यावर आजी कठड्याला टेकली. मी मनात म्हटले, आता तरी माझ्याकडे बघेल. पण ती बघत राहिली खाली, जिथे पट्ट्या होत्या तिथे. उभी माझ्या अंगावर आणि आठवण त्यांची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थोड्याच दिवसांत तिचे गुडघे सुजले. एका सकाळी ती माझ्या पायरीवर बसली ती उठेचना. शेजारणीने सुनेला बोलावून आणले.

"आई, उद्यापासून तुम्ही येऊ नका," सून म्हणाली.

"मग पोरीला कोण सोडणार?"

"मी सोडेन. नोकरी सोडते."

"वेडी आहेस का गं?" आजी म्हणाली. "रस्ता ओलांडता येत नाही म्हणून कुणी नोकरी सोडतं का?"

सुनेने नोकरी सोडण्याऐवजी साहेबांना गाठले आणि थेट माझ्या पायऱ्यांपाशी आणून उभे केले. त्यांच्याबरोबर खात्यात नव्याने आलेल्या इंजिनिअर बाईही होत्या. भोवती बायका जमल्या.

"पूल आहे की," साहेब म्हणाले.

"आहे ना. गाड्यांसाठी आहे," सून म्हणाली.

"गाड्या कुठे चढतात त्यावर?"

"त्या नाही चढत, साहेब. त्यांना थांबायला लागू नये म्हणून आम्ही चढतो."

साहेब घड्याळ बघू लागले. इंजिनिअर बाई मात्र म्हणाल्या, "पूल बांधताना आपण गाड्या मोजल्या होत्या. चालणारी माणसं कुणी मोजलीच नाहीत." मग त्यांनी बायकांनाच सोबत घेऊन ती मोजली. उंटावरून शेळ्या हाकणारे खाते प्रथमच खाली उतरले.

जाळी निघाली. पट्ट्या पुन्हा आल्या, या वेळी ठसठशीत, आणि दिमतीला सिग्नल. दोन्ही बाजूंना सावलीची झाडे लागली. पोरांना गाडीतून सोडणाऱ्या आयाही चालत येऊ लागल्या, गाड्या कमी झाल्या आणि माझ्या पोटाखालचा धूर विरला. म्हणजे मला मोकळा श्वास मिळाला तोही त्या पट्ट्यांच्या कृपेने. याहून मोठा अपमान कोणता? सून कामावर जाते. आजी गुडघा चोळत सिग्नलपाशी थांबते आणि दिवा हिरवा झाला की गप्पा मारत पलीकडे जाते. वर मात्र बघत नाही.

आता मला उतरवणार आहेत असे कानावर आले आहे. मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला रंग देऊ नका, माझी डागडुजी करू नका. मोठे झाल्यावर तुम्ही शहरे आखाल तेव्हा मोटारीच्या काचेतून बघून आखू नका. आधी बाबागाडी ढकलणारीला विचारा. आणि माझे लोखंड भंगारात घालू नका. त्याचा एक साधा बाक करा आणि त्या सिग्नलपाशी, झाडाखाली ठेवा. दिवा हिरवा होईपर्यंत आजी त्यावर टेकेल. पट्ट्यांवर ती नुसती पाय देऊन जाते, माझ्यावर ती बसेल. मग जळू देत त्या पट्ट्या.