झलकेपुरती शालन

मंगळवारी सकाळी नीळकंठ पेठकरांची बायको निम्मी झाली. अंगाने नव्हे, वेळेने. शालनबाई ओट्यापाशी दिसत आणि लगेच उंबऱ्यात. मधलं चालणं नसे.

कारण टपालाने आलं होतं. तरुणपणी शालनबाईंनी अकरा सिनेमांत हडळीचं काम केलं होतं. ते सिनेमे आता टीव्हीवर यायचे होते, आणि पोराबाळांनी घाबरू नये म्हणून सेन्सॉर मंडळ ते पुन्हा कापत होतं. कागदावर लिहिलं होतं : 'रीळ चार. हडळीचा वावर निम्मा करावा.'

"तेव्हा नुसतं रक्त कापलं होतं मेल्यांनी," शालनबाई म्हणाल्या. "तेही बिटाच्या रसाचं. आणि आता..."

पुढचं वाक्य कापलं गेलं होतं.

बुधवारी हसणं गेलं. तोंड उघडे, खांदे हलत, आवाज नाही. गुरुवारचा कागद होता : 'चेहरा झलकेपुरता ठेवावा.' तेव्हापासून त्या दिवसातून एकदाच येत, दुपारी चारला, चहाच्या कपापाशी, पापणी लवेपर्यंत. नीळकंठरावांची पापणी नेमकी तेव्हाच लवे. बघावं तर कप रिकामा.

सोमवारी ते मंडळाच्या कचेरीत गेले. ती मुंबईला असायची, पण त्या दिवशी कोल्हापुरात, त्यांच्याच गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीशेजारी होती. टेबलामागच्या बाईंनी पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत कापलेल्या तुकड्यांची भेंडोळी होती. नीळकंठरावांनी हात लावला. कोमट होती.

"परत मिळतील का?"

"मिळतील की, काका. त्यांत काय आहे तेवढं सांगा. पाहिलेल्या माणसाने सांगितलं की आम्ही जोडून देतो."

नीळकंठराव ग्रंथपाल होते. पुस्तकातली भुतं त्यांना चालत, पडद्यावरची सोसत नसत. अकराही सिनेमांना ते शालनबाईंच्या शेजारी बसले होते. हडळ येण्याआधी शालनबाई त्यांच्या कानात सांगत, "मिटा, येतेय मी." आणि ती गेली की, "उघडा आता, भित्री भागूबाई."

"पांढरी साडी असेल," ते म्हणाले. "केस मोकळे."

"ते सगळ्याच हडळींचं असतं, काका. चेहरा कसा होता?"

त्यांनी चेहरा आठवून पाहिला. मेथी निवडतानाचा आठवला, तापातला आठवला, रुसलेला तर कितीतरी वेळा. हा नाही.

"मी पाहिलेला नाही," ते हळूच म्हणाले.

"चाळीस वर्षांत एकदाही?"

"ती मिटायला सांगायची."

बाईंनी डब्यावर झाकण ठेवलं. "आज चारची एक झलक शिल्लक आहे. ती बघा आणि येऊन सांगा. उद्या तीही कापायचीय."

नीळकंठरावांनी घरी येऊन चहा केला. दोन कप भरले, एक समोर ठेवला. चारला मिनिटभर कमी असताना त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर धरल्या. डोळे झोंबले, पाणी गालावर आलं. त्यांनी बोटं सोडली नाहीत.

समोरची बशी किणकिणली. पांढऱ्या साडीचा काठ टेबलावर आला, त्यावर मोकळे केस ओघळले. आणि कानाशी, अगदी जवळ, शालनबाई मायेने म्हणाल्या, "मिटा, येतेय मी."