स्वानुभवाच्या नकला

शिक्षकाने आपल्या वर्गातला अनुभव आपल्या शब्दांत लिहावा, अशी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या अखेरच्या घटकाची अपेक्षा होती. आणि तालुक्यातल्या गुरुजनांना या अपेक्षेइतके दुसऱ्या कशानेच अडवले नव्हते. व्हिडिओ त्यांनी मोबाईल टेबलाच्या खणात ठेवून पाहिले होते. चाचणीची उत्तरे ग्रुपवर मिळत होती. स्वानुभव मात्र कोणाकडेच तयार नव्हता.

चाकणजवळ दुसरीचा वर्ग शिकवणाऱ्या आम्रपालीने तो लिहिला. फुलमणी ही संथाळी मुलगी, बाप कंपनीत कंत्राटावर. मराठी कळेना म्हणून ती ओठ मिटून बसे. आम्रपालीने तिला वस्तूंची घरची नावे विचारली. पाण्याला ती ‘दाक्’ म्हणाली. फळ्यावर ‘पाणी’शेजारी ‘दाक्’ उमटले, आणि दिवाळीपर्यंत पोर वाचू लागली.

शेजारच्या शाळेतल्या चिमाजी सरांचा फोन आला. ‘‘मॅडम, ग्रुपवर टाका की. नमुना म्हणून. समदे अडल्यात.’’

‘‘सर, मी अजून जमा केला नाही.’’

‘‘करा की सावकाश. तुमचा कोण पळवून नेतोय?’’

नकार म्हणजे शिष्टपणा. तिने टाकला. संध्याकाळी स्वतः जमा करायला गेली, तेव्हा पोर्टल उत्तरले : मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो, अमान्य. संधी एकच उरली, मुदत उद्यापर्यंत; प्रमाणपत्राविना तिच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव पुढे सरकणार नव्हता. तालुक्यात त्या दिवसभरात अनेक फुलमणी वाचू लागल्या होत्या; जिथे परप्रांतीय मूल एकही नाही, अशा शाळांतसुद्धा.

‘‘माझा घ्या,’’ दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक जयसिंग सर म्हणाले. ‘‘मागच्या वर्षी पास झालेला आहे. थोडे शब्द फिरवा. स्वतःचं लिहून चोर ठरलात, मग आता संकोच कसला?’’

युक्तिवाद निर्दोष होता. आम्रपालीने तो ऐकून घेतला आणि पहिल्या लेखात गाळलेले तेवढेच लिहिले. दिवाळीनंतर कंत्राट संपले. एका सोमवारी फुलमणीची जागा रिकामी होती, बापाचा फोन बंद. ती आता कुठे आहे, तिथे तिला पाण्याचे नाव कोणी विचारते का, शिक्षिकेला ठाऊक नाही. निष्पत्ती : सांगता येत नाही.

‘‘मॅडम, हे तर अपयश झालं. वरचे वाचतील!’’ जयसिंग सर म्हणाले.

‘‘वाचतील?’’ तिने विचारले.

आणि लेख जमा केला.

पोर्टलने पहिला लेख वाचला नव्हता, हाही वाचला नाही. तो कशाशीच जुळला नाही, एवढ्यावर प्रमाणपत्र आले.

अमान्य झालेल्यांनी ग्रुपवर नव्या नमुन्याचा धोशा लावला. आम्रपालीने निमूटपणे हाच लेख टाकला. सर्वांनी पाहिला, उचलला कोणीही नाही. मग चिमाजी सरांचा फोन आला.

‘‘मॅडम, झ्याक हाय. पण शेवटी पोरगी माघारी येती, आसं केलं तर चालंल का?’’

‘‘आली तर मला कळवा, सर,’’ आम्रपाली म्हणाली, आणि वर्गात गेली.