मधले जास्तीचे टाके

शून्य टन

यंत्राच्या दोन जबड्यांमध्ये पॅनेल उभं होतं. हातभर उंच, हातभर रुंद, जाडी दोन बोटं. दोन्ही अंगांना काचतंतूंचा पातळ, कडक पापुद्रा आणि मधे फोम. वरून दाबलं की असलं पॅनेल बराच वेळ मुकाट सोसतं आणि मग एकाएकी पोट काढतं. पापुद्रा फोमपासून सुटतो, खेळ खलास. तो सुटू नये म्हणून फोममधून आरपार टाके घालायचे, ही कल्पना मुलीची. टाके घालणारा माणूस तिचा बाप.

बाबा सोफे शिवायचे. वीतभर सुईनं फोम टोचण्यात चाळीस वर्षं गेलेली. टाके घालायचं यंत्र काही मिळेना, तेव्हा मुलीनं साहेबांना विचारलं, "माझ्या बाबांना सांगू?" हे साहेब दशांशाशिवाय बोलत नसत, म्हणून प्रयोगशाळेत त्यांचं नाव पॉइंटसाहेब.

"सांगा. पण तीन पॅनेलं. तिन्ही पाच टनांच्या वर. चार पॉइंट नऊ चालणार नाही. एक जरी खाली राहिलं तर टाक्यांचा नाद सोडायचा."

दोन झाली होती. पाच पॉइंट एक. पाच पॉइंट दोन. हे तिसरं, आणि हे बघायला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

एक

"हे दाबून झालं की कुठे बसवणार?"

मुलीनं आकड्यांवरची नजर काढून बाबांकडे वळवली. तीन आठवडे फोम दिला, दोरा दिला, आकृती दिली, आणि मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली.

"बसवायचं नाही, बाबा. मोडायचं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि आधीची दोन?"

"तीही मोडली."

नव्याकोऱ्या सोफ्यावर उड्या मारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं बाबांनी यंत्राकडे पाहिलं.

तीन

"आणि मी कडा घासत बसलो."

"कडा सुरेख झाल्यात."

"मोडायच्या वस्तूची कड सुरेख!" ते हसले. मग, "ह्या पॅनेलनं करायचं काय नेमकं?"

"डोक्यावर ओझं घेऊन ताठ उभं राहायचं. पोट काढायचं नाही."

"म्हणजे तुझ्या काकाच्या आवाक्याबाहेरचं काम."

पाच

पॅनेल कुरकुरायला लागलं. पाच पॉइंट एक. दोन. मुलीनं बाबांचा हात धरला. चार. झालं, तिन्ही झाली! सहा. पॉइंटसाहेब खुर्चीतून उठले. आठ, मधलं अंग अजून ताठ, नऊ, आणि खालच्या अंगाला पापुद्र्याची एक आडवी सुरकुती

शून्य

फट्.

"पाच पॉइंट नऊ!" पॉइंटसाहेब जवळजवळ ओरडले आणि निकाल टंकायला शेजारच्या खोलीत पळाले.

कॅमेऱ्याला हालचाल दिसावी म्हणून पॅनेलला पांढरा रंग देऊन वर काळे ठिपके मारलेले असत. दणक्यानं त्या रंगाचे पोपडे उडाले. रंगाखालचे टाके उघडे पडले आणि मुलगी वाकून बघतच राहिली. आकृतीत अंगठ्याएवढ्या अंतरावर एक टाका होता. इथे मधल्या भागात दोन टाक्यांच्या मधे आणखी एक होता.

"बाबा, हे काय?"

"ह्या एकातच मधे जास्त घेतले." बाबांचा चेहरा फुलला होता. "माणूस मधेच बसतो. आकृती काढणाऱ्याला काय ठाऊक!"

"आकृती मी काढली."

"तेच म्हणतोय."

शेजारून आवाज आला, "छापू का हो?"

पोपडे झाडून टाकले असते आणि पॅनेल भंगारात गेलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. हा इस्त्रीचा शर्ट, हा फुललेला चेहरा, आणि त्यावर आपण पाणी ओतायचं.

"बाबा, हे मोजता येणार नाही."

"का? पडलं?"

"नाही. जास्त उभं राहिलं. उद्या कारखान्यात अशी पॅनेलं बोटींच्या भिंतींसाठी आकृतीबरहुकूम शिवतील. तिथे तुम्ही नसणार."

बाबा आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे मी घोळ घातला."

"मी घातला. मोडायचंय, मोजायचंय, हे मी बोललेच नाही. तुम्हाला वाटलं, कुणी बसणार आहे."

"वेळ आहे?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"मग फोम आण. टाक्यांच्या जागी ठिपके तू मार. माझा अंगठा लबाड आहे."

"पाच पॉइंट नऊ खोडायचं म्हणजे हात होत नाही हो," पॉइंटसाहेब कळवळून म्हणाले. पण खोडलं.

टनाविना

टेबलावर दोन्ही अंगांना काचतंतूंचं कापड लावलेला फोम उभा. अलीकडे ती, पलीकडे बाबा. सुई तिकडून यायची, ती ओढून परत पाठवायची. एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता. मधोमध आल्यावर सुई यायची थांबली.

"इथे एकही जास्त नाही?"

"एकही नाही, बाबा."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. मग सुईचं टोक पुढच्या ठिपक्यातून, अगदी ठिपक्यातूनच, बाहेर आलं.

पाच पॉइंट एक

राळ पाजल्यावर रात्रभर भट्टीत राहून पॅनेल कडक झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाच पॉइंट एकला मोडलं.

"छापा," मुलगी पॉइंटसाहेबांना म्हणाली.

"कालचं चांगलं होतं," बाबा म्हणाले.

"कालचं फारच चांगलं होतं."

"ते कुठे आहे? घरी नेतो."

"अहो, मोडलंय ते!"

"खाली मोडलंय," बाबा म्हणाले. "मधे कुठे मोडलंय?"